ब्लूज हा कच्चा माल नव्हे

माझा थोरला भाऊ सत्तरच्या दशकात मुंबईत गिटार वाजवायचा. त्या पिढीतल्या बहुतेकांसारखा तोही ब्लूजपाशी उलट्या वाटेनं पोचला. आधी रोलिंग स्टोन्स, क्रीम, लेड झेपलिन. मग त्यांच्या रेकॉर्डवर बारीक अक्षरांत छापलेली नावं वाचत वाचत मडी वॉटर्स, हाउलिन वुल्फ, रॉबर्ट जॉन्सन. माझी मुलगी वकील आहे, कॉपीराइटचं काम करते, आणि ब्लूज तिला बेसी स्मिथच्या आवाजातून भेटला. या विषयावर मामा-भाचीचं कधीच पटत नाही. परवा रात्री दोघांची चांगलीच जुंपली. त्या वादाचा गाभा इथे मांडते आहे. जिथे मला राहवलं नाही तिथे मीही मधे बोलले आहे.

मामा: तुला सिद्ध काय करायचंय तेच मला कळत नाही. रॉकचं मूळ ब्लूजमध्ये आहे हे शेंबडं पोरही सांगेल. मिसिसिपी डेल्टा, कापसाची शेतं. 1865 मध्ये गुलामगिरी कायद्यानं गेली. पण जमीन गोऱ्याची, बी-बियाणं गोऱ्याच्या दुकानातलं, आणि अर्धेलीनं राबणाऱ्या काळ्या कुळाच्या नावावर वर्षाअखेरी उरायचं ते कर्ज. शेतातल्या हाका, पार्चमनच्या तुरुंगात कुऱ्हाडीच्या घावांवर म्हटलेली गाणी, चर्चमधला सूर, हे सगळं गिटारवर उतरलं. मग लाखो माणसं दक्षिण सोडून उत्तरेला गेली. मडी वॉटर्स 1943 मध्ये शिकागोला गेला. तिथल्या दारूच्या गुत्त्यांतल्या गलक्यात साधी गिटार ऐकू येईना, म्हणून त्यानं विजेवरची धरली. त्याच्या 1950 मधल्या एका गाण्यावरून लंडनच्या पोरांनी आपल्या बँडचं नाव ठेवलं. पुढचं सगळ्या जगाला ठाऊक आहे.

भाची: मामा, यातला एकेक तपशील खरा आहे. तरी सगळी मिळून गोष्ट चुकीची होते. या गोष्टीत ब्लूज कायम जमिनीखाली असतो. मूळ, पाया, उगम. वरची फुलं-फळं दुसऱ्यांची. म्हणजे काळ्या माणसांनी दुःख पुरवायचं आणि त्याचं संगीत इंग्लंडच्या पोरांनी करायचं. माझं म्हणणं एवढंच आहे की ब्लूज कच्चा माल नव्हताच. ते आपल्या जागी पूर्ण असलेलं, तिकीट लावून ऐकवलं जाणारं लोकप्रिय संगीत होतं. रॉक अँड रोलच्या तीस वर्षं आधी.

मामा: तिकीट लावून? त्या दरिद्री डेल्टात?

भाची: हो, तिथेच. मा रेनी तंबूचे खेळ घेऊन दक्षिणभर फिरायची. गळ्यात सोन्याच्या नाण्यांची माळ, अंगावर झगमगीत पोशाख. कापूस वेचून चार पैसे हातात आले की माणसं तिला ऐकायला यायची. तिला स्वतःचं दुःख दाखवायला कोणी बोलावत नव्हतं. लोकांना रंगलेली संध्याकाळ हवी असायची आणि ती द्यायचं कसब तिच्याकडे होतं. आता तारखा बघ. 10 ऑगस्ट 1920 रोजी न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथनं ओके कंपनीसाठी ‘क्रेझी ब्लूज’ गायलं. काळ्या गायिकेनं रेकॉर्डवर गायलेला हा पहिला ब्लूज. कंपनीला अंदाज नव्हता की काळे लोकही रेकॉर्ड विकत घेतात. ती हजारोंनी खपली आणि सगळ्या कंपन्या ब्लूज गाणाऱ्या बायका शोधत सुटल्या. 1923 मध्ये बेसी स्मिथची पहिली रेकॉर्ड आली, ती लाखोंत गेली. पुढे बेसीचा ताफा तिच्या स्वतःच्या रेल्वेच्या डब्यातून फिरायचा. आणि तुमचा एकटा गिटारवाला? ब्लाइंड लेमन जेफरसन रेकॉर्डवर गाजला 1926 मध्ये, चार्ली पॅटन तर 1929 मध्ये. बायका त्यांच्या कितीतरी आधी तिथे होत्या.

मामा: रेकॉर्ड आधी निघाली म्हणून गाणं आधीचं होत नाही ना. संगीतकार हँडीचं आत्मचरित्र वाच. 1903 च्या सुमाराला मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनात गाडीची वाट बघत त्याला डुलकी लागली होती. जाग आली तर शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर सुरी सरकवत गात होता. मेमी स्मिथच्या सतरा वर्षं आधी. त्या माणसाचं नावसुद्धा कुणाला माहीत नाही.

भाची: बरोबर. त्याचं नाव माहीत नाही आणि हँडीचं माहीत आहे, कारण हँडीनं ऐकलेलं लिहून काढलं आणि 1912 मध्ये ‘मेम्फिस ब्लूज’ छापलं. त्याचेही हक्क पन्नास डॉलरला विकून बसला. त्यातून शिकला आणि स्वतःची प्रकाशन कंपनी काढली. गाणं ज्याच्या तोंडी असतं आणि ज्याच्या नावावर असतं, ती दोन माणसं पहिल्या दिवसापासून वेगळी होती. ते पुढचं प्रकरण आहे. आधी सांग, तुमच्या यादीत बेसी का नसते?

मामा: कारण तिच्या मागे पियानो आणि कॉर्नेट आहे. आम्ही गिटार शिकत होतो, गं. आम्हाला गिटारवाला हवा होता.

हे उत्तर मला महत्त्वाचं वाटलं, कारण ते सरळ होतं. त्या काळच्या गोऱ्या रॉकवाल्यांनाही गिटार वाजवणारा पूर्वजच हवा होता. त्यांच्या आधी जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांचा एक छोटा गट होता. ब्रुकलिनच्या वायएमसीएत एका खोलीत राहणारा जेम्स मॅक्यून हा त्यातला म्होरक्या. चार्ली पॅटनच्या खरखरत्या रेकॉर्डनं त्याला वेड लावलं. या मंडळींना दुर्मीळ ते प्रिय. बेसीच्या रेकॉर्ड घरोघरी होत्या, त्यामुळे त्यांत शोधण्यासारखं काही नव्हतं. ज्याची रेकॉर्ड खपली नाही तो जास्त अस्सल, अशी एक समजूत तिथून रुजली. लोकप्रिय संगीताचा इतिहास लिहिताना ज्यांना लोकांनी डोक्यावर घेतलं त्यांनाच बाजूला ठेवायचं, हे मला अजूनही विपरीत वाटतं.

भाची: रॉबर्ट जॉन्सनचंच घे. 1936 मध्ये सॅन अँटोनियोत आणि 1937 मध्ये डॅलसमध्ये मिळून 29 गाणी रेकॉर्ड केली, 1938 मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेला. हयातीत काळ्या श्रोत्यांमध्ये त्याचं नाव बेताचंच होतं. 1961 मध्ये कोलंबियानं त्याची एलपी काढली आणि तिनं इंग्लंडमधली पोरं झपाटून गेली. 1990 मध्ये त्याच्या सगळ्या गाण्यांचा संच निघाला तो दहा लाखांच्या वर खपला. त्याला ‘राजा’ त्याच्या लोकांनी केलं नाही, पुढच्या पिढीतल्या दुसऱ्याच श्रोत्यांनी केलं.

मामा: म्हणून तो कमी होतो का? मी बोटांनी वाजवून बघितलंय. अंगठा खाली ताल धरतो, वर काचेची नळी तारेवर सरकते, आणि तिसरीकडे तो गातो. स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सनं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याला वाटलं दोन गिटारवाले आहेत. असा माणूस शतकात एखादाच होतो.

भाची: कमी कोण म्हणतंय? मी तर त्याला तुमच्यापेक्षा जास्त देते आहे. तुमच्या गोष्टीत तो चौकात सैतानाला आत्मा विकून रातोरात वादक होतो. ती आख्यायिका आधी टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच वादकाची होती, ती याला चिकटवली. खरा रॉबर्ट आइक झिमरमनकडे बसून शिकला. लेरॉय कार, लॉनी जॉन्सन, कोकोमो अर्नोल्ड यांच्या रेकॉर्ड कान देऊन ऐकल्या. ‘स्वीट होम शिकागो’ कोकोमो अर्नोल्डच्या गाण्यावर बेतलंय. जॉनी शाइन्स त्याच्याबरोबर गावोगाव हिंडला होता. तो सांगायचा, रॉबर्ट पोल्का वाजवायचा, बिंग क्रॉस्बीची गाणी म्हणायचा, समोरचा मागेल ते द्यायचा. मडी वॉटर्सही तसाच. 1941-42 मध्ये ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क स्टोव्हलच्या मळ्यात त्याला रेकॉर्ड करायला गेले, तेव्हा त्याच्या गाण्यांच्या यादीत जीन ऑट्रीची काउबॉयची गाणी होती. ही माणसं पेशेवर होती, मामा. सैतान मधे आणला की त्यांचा रियाज पुसला जातो.

मामा: (थोडं थांबून) सैतान सोडला. पण यादी काहीही असो, रेकॉर्ड करायला बसल्यावर त्यांनी ब्लूजच वाजवला ना?

भाची: कंपनीला तोच हवा होता. काळ्यांच्या रेकॉर्डची यादी वेगळी, तिला ‘रेस’ म्हणायचे. दक्षिणेतल्या गोऱ्यांची वेगळी, ती ‘हिलबिली’. काळ्यानं काउबॉयचं गाणं गायलं तर ते कुठल्या यादीत घालायचं? मग गाऊच द्यायचं नाही. ब्लूज गाणारा फक्त ब्लूजच गातो, हे त्या दुकानदारीनं ठरवलेलं आहे.

मामा: आणि तरी जिमी रॉजर्स होताच की. मिसिसिपीचाच, रेल्वेत काम करणारा गोरा. 1927 पासून त्यानं योडलिंगच्या जोडीनं ब्लूज गायले आणि लोक त्याला कंट्री संगीताचा बाप म्हणतात. 1930 मध्ये त्याच्या एका रेकॉर्डवर लुई आर्मस्ट्राँगनं ट्रम्पेट वाजवलाय. संगीतानं त्या भिंती मानल्याच नाहीत. मला आवडतं ते हेच.

इथे गाण्याच्या बांधणीबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण हे संगीत इतक्या भिंती का ओलांडू शकलं त्याचं उत्तर तिच्यात आहे. ब्लूजचं आवर्तन बारा मापांचं. पहिली चार मापं षड्जावरच्या कॉर्डवर, पुढची दोन मध्यमावर, दोन परत षड्जावर. मग पंचमावर चढून, मध्यमाला स्पर्श करून पुन्हा घरी. ओळी तीन: एक ओळ, तीच पुन्हा, आणि तिसरी त्यांना उत्तर देणारी. प्रत्येक ओळीला चार मापं मिळतात, पण गाणारा ती सगळी वापरत नाही. निम्म्यावर थांबतो आणि उरलेल्या जागेत गिटार, पियानो किंवा माउथ ऑर्गन बोलतो. गंधार असा लावायचा की तो कोमलही नाही आणि शुद्धही नाही. पियानोवर तो सूर मिळत नाही, म्हणून पियानोवाले दोन पट्ट्या एकदम दाबतात. गिटारवाला तार ओढून तिथे पोचतो. आपल्या कानाला हे समजायला वेळ लागत नाही. सांगाडा इतका सोपा की कोणालाही उचलता यावा, आणि त्यातल्या मोकळ्या जागा अशा की प्रत्येकाला आपलं काही घालता यावं. चक बेरीचं ‘जॉनी बी. गुड’ याच सांगाड्यावर उभं आहे. बीटल्सच्या ‘कान्ट बाय मी लव्ह’चे अंतरे, जेम्स ब्राउनचं 1965 मधलं ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’, माइल्स डेव्हिसचं ‘फ्रेडी फ्रीलोडर’, सगळीकडे हीच बारा मापं.

मामा: हेच मी म्हणतोय! सांगाडा सगळ्यांचा. मग चोरी-चोरी काय करता? तुकोबांच्या अभंगाला श्रीनिवास खळे चाल लावतात, लताबाई गातात. कुणी म्हणतं का चोरी झाली?

भाची: नाही म्हणत, कारण शेवटी ‘तुका म्हणे’ येतंच. चाल कुणाचीही असू दे, आवाज कुणाचाही असू दे, नाव गाण्यातच ओवलेलं आहे. ब्लूजवाल्यांना ही सोय नव्हती. विली डिक्सनचं उदाहरण बघ. शिकागोत चेस कंपनीसाठी बास वाजवायचा, गाणी लिहायचा, दुसऱ्यांची गाणी बसवून द्यायचा. 1962 मध्ये मडी वॉटर्सनं त्याचं ‘यू नीड लव्ह’ गायलं. 1969 मध्ये लेड झेपलिनचं ‘होल लॉटा लव्ह’ आलं, लेखक म्हणून बँडमधल्या चौघांची नावं. डिक्सननं 1985 मध्ये दावा लावला, 1987 मध्ये तडजोड झाली. आज तिथे त्याचं नाव असतं. मधली अठरा वर्षं?

मामा: झेपलिनचं मी समर्थन करत नाही. पण ते गाणं ऐक, त्यांच्या गिटारवाल्या पेजचा तो रिफ डिक्सनचा नाही. नवीन काहीतरी घडलंय तिथे.

भाची: घडलंय, मीही नाकारत नाही. मग पाचवं नाव लिहायचं. एका ओळीचं काम होतं. आर्थर क्रडपचं तर याहून वाईट. एल्विसची 1954 मधली पहिली रेकॉर्ड म्हणजे क्रडपचं 1946 मधलं ‘दॅट्स ऑल राइट’. तिथे लेखक म्हणून क्रडपचं नाव व्यवस्थित छापलंय! तरी हक्काचा पैसा त्याला मिळाला नाही, मधल्यांनी खाल्ला. शेतमजुरी करत 1974 मध्ये गेला.

मामा: आणि ‘हाउंड डॉग’? एल्विसनं बिग मामा थॉर्नटनचं लुटलं म्हणून तुमची पिढी ओरडते. ते गाणं लिहिलं लीबर आणि स्टोलर या दोन गोऱ्या ज्यू पोरांनी. 1952 मध्ये, ती दोघं एकोणीस वर्षांची असताना, तिच्यासाठीच. आता लूट कुणाची झाली सांग.

भाची: तिच्या गाण्याची. कागदावरचं गाणं त्यांचं, पण तिच्या आवाजातला तो हिसका, ते गुरगुरणं, बाईनं पुरुषाला घराबाहेर काढण्याचा तो ताठा, हे कुठल्या कागदावर लिहिलं होतं? कायदा शब्द आणि सुरावट ओळखतो, गायकी ओळखत नाही. ब्लूजचा सगळा जीव गायकीत. म्हणून कायद्याच्या हिशेबात ब्लूजवाला सतत रिकाम्या हातानं उभा राहतो. हे मी रोज बघते, मामा, वेगळ्या नावांनी.

मामा: थांब. तू कायद्याचं बोललीस, मी पोटाचं बोलतो. साठच्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या तरुणांना ब्लूज नकोसा झाला होता. त्यांना तो आजोबांच्या अर्धेलीचा, हार मानण्याचा सूर वाटायचा. ती मुलं मोटाउनकडे, सोलकडे गेली. त्यांची लढाई नागरी हक्कांची होती. बी. बी. किंगला आपल्याच लोकांनी हुर्यो केल्याचं दुःख होतं. 1967 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोरला गेला तर बाहेर लांब केसांच्या गोऱ्या पोरांची रांग. त्याला वाटलं आपण चुकीच्या ठिकाणी आलो. आत गेला तर सगळं सभागृह उभं राहिलं. रडला तो. जुना ब्लूज गायक सन हाउस न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला विस्मरणात पडून होता. 1964 मध्ये त्याला शोधून काढणारी तीन गोरी पोरंच होती. स्किप जेम्सचं ‘आय एम सो ग्लॅड’ क्रीमनं वाजवलं, त्याचं नाव लावलं, त्या पैशाचा म्हाताऱ्याला आजारपणात आधार झाला. आणि 1965 मध्ये अमेरिकन टीव्हीवर ‘शिंडिग’ला स्टोन्सना बोलावलं, तेव्हा त्यांची अट होती की हाउलिन वुल्फलाही आणा. धिप्पाड वुल्फ गातोय आणि ही सगळी पोरं त्याच्या पायाशी बसून ऐकताहेत. ते प्रेम खोटं होतं का?

भाची: (बराच वेळ गप्प) नाही. खोटं नव्हतं.

मामा: तेवढं तरी लिहून घे.

मी लिहून घेतलं आहे, आणि भावाचं हे म्हणणं मला पटतं. जतन करणारे परके होते म्हणून जतन कमी मोलाचं ठरत नाही. पण त्यांनी जतन केलं ते सगळ्या ब्लूजचं नव्हे. त्यांना भावलेल्या एका कोपऱ्याचं. बाकीचा ब्लूज विस्मरणात गेला नव्हता, त्याला शोधायची गरजच नव्हती. तो रोज वाजत होता, दुसऱ्या नावांनी. भाचीनं पुढे जे सांगितलं त्यानं माझी स्वतःची समजूत बदलली.

भाची: तुम्ही म्हणता काळ्या लोकांनी ब्लूज टाकला. टाकला कुठे? मा रेनीचा पियानोवादक होता थॉमस डॉर्सी. ‘जॉर्जिया टॉम’ नावानं चावट ब्लूज लिहायचा. 1932 मध्ये त्याची बायको बाळंतपणात गेली, बाळही गेलं. त्या शोकात त्यानं ‘टेक माय हँड, प्रेशस लॉर्ड’ लिहिलं. ब्लूजचा हेलकावा घेऊन तो चर्चमध्ये गेला आणि आजच्या गॉस्पेल संगीताचा जनक झाला. सुरुवातीला पाद्र्यांना हे गुत्त्यातलं संगीत देवळात नको होतं. पुढे मार्टिन ल्यूथर किंगच्या अंत्यविधीत महालिया जॅक्सननं तेच गाणं गायलं. रे चार्ल्सनं 1954 मध्ये गॉस्पेलची चाल उचलून ‘आय गॉट अ वुमन’ केलं, आणि तिथून सोल. म्हणजे मोटाउनकडे गेलेली ती मुलं मा रेनीच्याच घरात होती, फक्त मागच्या दारानं आलेली.

मामा: ही वाट मी मानतो. पण रॉकची वाट...

भाची: रॉकचीही गिटारवाल्या एकट्या फकिरावरून गेली नाही. लुई जॉर्डन बघ. चाळीसच्या दशकात सॅक्सोफोन घेऊन, सुटाबुटात, नाचायला लावणारे ब्लूज गायचा. त्याचा गिटारवाला कार्ल होगन. त्यानं 1946 मध्ये एका गाण्याच्या सुरुवातीला वाजवलेला तुकडा म्हणजे ‘जॉनी बी. गुड’ची ती जगप्रसिद्ध सुरुवात. चक बेरीनं ते कधी लपवलंही नाही. सिस्टर रोझेटा थार्प चर्चची गायिका, गळ्यात इलेक्ट्रिक गिटार, 1964 मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या स्टेशनात पावसात वाजवून गेली. ही सगळी नाचगाण्याच्या धंद्यातली माणसं. रॉक अँड रोल त्यांच्याकडून आलं.

मामाला यावर लगेच उत्तर सुचलं नाही, तेव्हा मीच त्याला मुंबईची आठवण करून दिली. आपल्याकडे हे संगीत रोलिंग स्टोन्सच्या आधीच येऊन पोचलं होतं. तीसच्या दशकाच्या उत्तरार्धात टेडी वेदरफर्ड हा काळा अमेरिकन पियानोवादक ताजमहाल हॉटेलात वाजवायचा. 1945 मध्ये तो कलकत्त्यात वारला. त्याच्यासारख्यांच्या सोबतीनं गोव्याचे वादक घडले. चिक चॉकलेटला, म्हणजे आंतोनियो झेवियर वाझ यांना, लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्यांना हाताशी धरलं, आणि 1951 च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावर दिसतात. म्हणजे आमच्या आई-वडिलांनी ज्या ठेक्यावर पाय हलवले त्यात स्विंगच्या रूपानं ब्लूज होताच. तो शेतातून नाही, हॉटेलच्या नाचघरातून आला. भाचीची बाजू मुंबईनं आधीच मांडून ठेवली होती.

मामा: ठीक आहे, धंदा होता, रियाज होता, नाच होता. पण तुझ्या या हिशेबात वेदना कुठे आहे? 1977 मध्ये व्हॉयेजर यान सोडलं, त्यात पृथ्वीचे आवाज म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली. तिच्यावर चक बेरी आहे आणि ब्लाइंड विली जॉन्सनही आहे. 1927 मध्ये डॅलसला गायलेलं, शब्द नसलेलं, नुसतं हुंकारत, गिटारच्या तारांवरून सूर सरकवत. रात्र झाली आणि निजायला जागा नाही, एवढंच आहे त्यात. तो आंधळा माणूस 1945 मध्ये घर जळाल्यावर त्याच राखेत, ओल्या अंथरुणावर झोपून आजारी पडला आणि मेला. हे पोल्का वाजवणाऱ्या पेशेवराचं संगीत आहे असं म्हणशील?

भाची: म्हणेन. कारण राखेत झोपलेली माणसं लाखो होती, मामा. तसं वाजवणारा एकच होता.

या उत्तरावर आम्ही तिघंही गप्प झालो. मला आपल्याकडचं आठवलं. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. आपल्या पांढरपेशा वाचकांनी त्यात पहिल्यांदा काय पाहिलं? वेदना, विद्रोह, दाहकता. ढसाळांनी मराठी वाक्याची मोडतोड करून त्यातून काय घडवलं, शब्द कुठून उचलले, लय कशी बांधली, याकडे लक्ष जायला बराच काळ लागला. ज्यांच्या वाट्याला दुःख आलं त्यांच्याकडून आपण दुःखच मागतो, आणि त्यांनी कला दिली तरी ती दुःख म्हणूनच स्वीकारतो. बेसीच्या मरणाचंही असंच केलं गेलं. 1937 मध्ये क्लार्क्सडेलजवळ मोटार अपघातात ती गेली. गोऱ्यांच्या इस्पितळानं तिला दारातून परत पाठवलं अशी कथा पसरली, तिच्यावर नाटकही लिहिलं गेलं. प्रत्यक्षात तिला थेट काळ्यांच्या इस्पितळातच नेलं होतं. भेद इतका मुरलेला होता की दार बंद करायची वेळच येत नसे. मरणाची कथा जगभर झाली, आणि तिच्या थडग्यावर 1970 पर्यंत दगड नव्हता. तो बसवायला पैसे दिले ते जॅनिस जॉप्लिननं आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेल्या हुआनिता ग्रीन यांनी.

मामा: बघ, जॉप्लिन! पुन्हा एक गोरी रॉकवालीच.

भाची: आणि हुआनिता ग्रीन. दोघी. तू पहिलं नाव घेतलंस, मी दुसरंही घेते, आपल्यातला फरक एवढाच.

मामा: बरं, आताचं सांग. क्रिस्टोन इन्ग्रम, ज्याला किंगफिश म्हणतात. 1999 चा जन्म, क्लार्क्सडेलचाच. तिथल्या ब्लूज म्युझियमच्या वर्गात शिकला. मला त्याच्या वाजवण्यात हेंड्रिक्स ऐकू येतो, प्रिन्स ऐकू येतो. रॉकनं ब्लूजला परतफेड केली ती ही.

भाची: हेंड्रिक्स 1966 मध्ये लंडनला जायच्या आधी लिटल रिचर्ड आणि आयझली ब्रदर्सच्या मागे वाजवत होता. काळ्यांच्याच नाचघरांत तयार झाला. परतफेड कसली, घरातलंच घरात फिरतंय.

मामा: लंडन नसतं तर हेंड्रिक्स मागेच वाजवत राहिला असता.

भाची: असेलही. ते मला नाकारता येत नाही आणि आवडतही नाही.

मामा: आणि किंगफिशला ऐकायला येतात ते बहुतेक गोरेच. त्याच्या ‘662’ या अल्बममधली बरीच गाणी त्यानं आणि टॉम हॅम्ब्रिजनं मिळून लिहिली आहेत. हॅम्ब्रिज गोरा आहे. यात काय खोट काढशील?

भाची: काही नाही. दोघांचीही नावं छापलीयत ना?